जुना लॅपटॉप नव्या कॉम्प्युटरच्या आत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुन्या लॅपटॉपमधली विंडोज किंवा लिनक्स जशीच्या तशी उचलून नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन म्हणून (म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरमध्ये) कशी चालवायची, या विषयावरचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर गृहीत धरलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये जिथे काही वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ७ आहे आणि तो अजून चालतो. त्यावर हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याची सीडी हरवली आहे आणि ते बनवणारी कंपनीही बंद झाली आहे. लॅपटॉप बंद पडायच्या आत हे सगळं नव्या कॉम्प्युटरवर कसं न्यावं?

लॅपटॉप चालू आहे तोवरच हे काम उरकायचं ठरवलंत, हे उत्तम. चालत्या विंडोजची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, काढणं सोपं असतं. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून तीच काढायची तर दुप्पट खटपट होते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इमेज आणि व्हर्च्युअल मशीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लॅपटॉपच्या डिस्कवरून काढलेली पहिली इमेज बाजूला ठेवून द्यायची आणि तिला हात लावायचा नाही. व्हर्च्युअल मशीनला जोडायची ती तिची प्रत. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत ही प्रत बिघडण्याची शक्यता बरीच असते. ती बिघडली तर मूळ इमेजवरून दुसरी करता येते. मूळच बिघडवली, तर पुन्हा जुन्या लॅपटॉपकडे जावं लागतं, आणि तोवर तो चालू असेलच असं नाही.

लागणारं सामान : लॅपटॉपवर वापरलेल्या जागेच्या किमान दुप्पट मोकळी जागा असलेली बाहेरची यूएसबी डिस्क. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे काम सुरू होऊन थोड्याच वेळात अडकतं. नव्या कॉम्प्युटरवर किमान ८ जीबी मेमरी असावी. त्याच्या बायोस सेटिंगमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. इंटेलमध्ये त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीत एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम.

इमेज काढायच्या आधी लॅपटॉपवर तीन कामं करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून चेकडिस्क चालवा आणि फाइल सिस्टीम धड आहे ना, ते पाहा. हायबरनेशन बंद करा, म्हणजे एक मोठी निरुपयोगी फाइल निघून जाते. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं : डिस्क कंट्रोलरचे ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होतील अशी सोय करा. ती कशी करायची, ते पुढच्या उत्तरात आहे. आधीच केलंत तर विंडोज कोसळल्याचा निळा स्क्रीन बहुधा दिसणारच नाही.

इमेज काढायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं डिस्क-टू-व्हीएचडी हे छोटं साधन पुरेसं आहे. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. ते विंडोजच्या शॅडो कॉपी सोयीचा वापर करतं, म्हणून विंडोज चालू असतानाही एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते. तरी हिशेबाचं सॉफ्टवेअर त्या वेळी बंद ठेवा. उघडी डेटाबेस फाइल अर्धवट अवस्थेत टिपली जाण्याचा धोका कशाला घ्यायचा! पार्टिशनच्या यादीत सी ड्राइव्हबरोबर १०० एमबीचं ‘सिस्टीम रिझर्व्हड’ पार्टिशनही निवडा. ते राहून गेलं तर व्हर्च्युअल मशीन बूटच होणार नाही, कारण विंडोज ७ चा बूट मॅनेजर बहुतेक वेळा तिथेच असतो. डेटा डी ड्राइव्हवर असेल तर तोही निवडा. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन सोडून दिलं तरी चालतं. ‘शॅडो कॉपी वापरा’ ही खूण राहू द्या. ‘व्हीएचडीएक्स वापरा’ ही खूण मात्र काढा (व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स हे इमेज फाइलचे दोन प्रकार), कारण व्हर्च्युअलबॉक्स व्हीएचडीवर नीट लिहू शकतं, व्हीएचडीएक्स मात्र त्याला आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून द्यावी लागते. हायपर-व्हीसाठी व्हीएचडीएक्स चांगली. डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल तर व्हीएचडी चालतच नाही.

वेळेचा अंदाज असा : यूएसबी २.० वर सेकंदाला सुमारे ३० एमबी जातात, म्हणजे २०० जीबी डेटाला दोन तासांच्या आसपास. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा.

इथे एक चूक फार सहज होते. इमेज झाली की ‘बघू तरी आत काय आलंय’ म्हणून ती त्याच लॅपटॉपवर जोडून उघडू नका. मूळ डिस्क आणि इमेज या दोघींची ओळख-सही सारखीच असते. दोन्ही एकाच वेळी दिसल्या की विंडोज गोंधळ टाळण्यासाठी इमेजची सही बदलून टाकते. बूट मॅनेजर डिस्क शोधतो ती त्याच सहीवरून, म्हणून अशी इमेज नंतर बूट होत नाही.

आता नव्या कॉम्प्युटरवर इमेजची प्रत करा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन बनवा. प्रकार विंडोज ७, आणि तोही लॅपटॉपवर होता तसाच ३२ किंवा ६४ बिटचा. मेमरी २ जीबी, सुरुवातीला प्रोसेसर एक. डिस्कच्या पायरीवर नवी डिस्क न बनवता ‘आधीच असलेली व्हर्च्युअल डिस्क’ निवडून ती प्रत द्या. ईएफआयची (बूट करण्याच्या नव्या पद्धतीची, हिलाच यूईएफआय म्हणतात) खूण लॅपटॉप ज्या पद्धतीने बूट होतो त्यानुसार ठेवा. विंडोज ७ चे बहुतेक लॅपटॉप जुन्या बायोस पद्धतीचे असतात, त्यामुळे खूण नको. विंडोज ८ आणि पुढच्यात सिस्टीम इन्फर्मेशन उघडून ‘बायोस मोड’ ही ओळ पाहा. तिथे यूईएफआय असेल तर ईएफआय चालू करा. हायपर-व्हीमध्ये हाच निर्णय जनरेशन १ की २ असा घ्यावा लागतो. जुन्या पद्धतीला जनरेशन १, यूईएफआयला जनरेशन २, आणि ही निवड नंतर बदलता येत नाही.

नेटवर्क सेटिंगमध्ये ‘केबल जोडलेली’ ही खूण काढून मगच पहिल्यांदा चालू करा. कारण साधं आहे. आतली विंडोज स्वतःला जुना लॅपटॉपच समजते. तिच्यात पीओपी पद्धतीने मेल आणणारा प्रोग्राम असेल, तर तो सर्व्हरवरची मेल उतरवून घेऊन तिथून पुसून टाकू शकतो. क्लाउड सिंकचा प्रोग्राम असेल तर तोही लॅपटॉपशी स्पर्धा करत फाइल्स मागेपुढे करू लागतो.

पहिलं बूट सावकाश होतं. ड्रायव्हर बसतात, एक-दोनदा रीस्टार्ट मागितला जातो. ते झालं की लगेच स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची नोंद, जिच्याकडे परत जाता येतं) घ्या आणि मग गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे मशीनच्या आत बसवायचे ड्रायव्हर) बसवा. त्यानंतर लॅपटॉप कंपनीची साधनं काढा : टचपॅड, हॉटकी, बोटाच्या ठशाचा वाचक, ग्राफिक्सचे ड्रायव्हर, बॅटरीचं व्यवस्थापन. त्यांचं हार्डवेअर इथे नाही. यातली काही साधनं ते शोधत राहतात आणि मशीन संथ करतात.

शेवटी खरं काम करून पाहा. सॉफ्टवेअर उघडलं म्हणजे सगळं झालं असं नव्हे. शेवटची नोंद दिसते का, अहवाल निघतो का, पीडीएफ होते का, सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप घेता येतो आणि परत भरता येतो का, हे तपासा. तोवर लॅपटॉपमधलं काहीही पुसू नका.

प्रश्न : इमेज नीट निघाली, पण व्हर्च्युअल मशीन चालू केलं की विंडोजचा लोगो येतो, निळा स्क्रीन चमकतो आणि मशीन पुन्हा सुरू होतं. क्षणभर ७बी असा क्रमांक दिसतो.

७बी म्हणजे विंडोजला तिचीच बूट डिस्क सापडली नाही. डिस्क जागेवर आहे, आतला डेटाही शाबूत आहे. पण ज्या कंट्रोलरमधून डिस्क वाचायची, त्याचा ड्रायव्हर सुरुवातीच्या टप्प्यात लोड झालेला नाही. लॅपटॉपवर बहुधा चिपसेट कंपनीचा ड्रायव्हर चालत होता. विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर त्या डिस्कला लागत नव्हता, म्हणून विंडोजने तो ‘गरज पडली तर’ या गटात टाकला. व्हर्च्युअलबॉक्सचा साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) कंट्रोलर वेगळा असल्यामुळे आता नेमका तोच लागतो.

उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवते तिथे, आहे. लॅपटॉप अजून चालू असेल तर सर्वात सोपं : रजिस्ट्री एडिटर उघडा आणि लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस या मार्गाने जा. तिथे एमएसएएचसीआय, एटीएपीआय, इंटेलआयडीई आणि पीसीआयआयडीई या नावांच्या कळा आहेत. प्रत्येकीतली ‘स्टार्ट’ ही किंमत ० करा. ० म्हणजे बूटच्या वेळीच लोड कर, ३ म्हणजे मागितल्यावर. चिपसेट कंपनीच्या ड्रायव्हरची कळ आहे तशीच राहू द्या, नाहीतर लॅपटॉपच बूट होणार नाही. एकदा रीस्टार्ट करून लॅपटॉप नीट चालतो हे पाहा आणि इमेज पुन्हा काढा.

लॅपटॉप हाताशी नसेल तर हेच व्हर्च्युअल मशीनच्या आतून करता येतं. विंडोज ७ ची आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपातली प्रत) मशीनच्या सीडी ड्राइव्हला जोडून तिच्यावरून बूट करा, ‘रिपेअर’ निवडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रजिस्ट्री एडिटर चालवा. आता जी रजिस्ट्री दिसते ती सीडीवरच्या विंडोजची आहे, तुमची नाही. म्हणून लोकल मशीनवर क्लिक करून ‘लोड हाइव्ह’ निवडा. तुमच्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमध्ये सिस्टीम३२ आणि त्यात कॉन्फिग फोल्डर आहे, त्यातली ‘सिस्टीम’ नावाची फाइल उघडा. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असतात, सी च्या जागी बहुधा डी दिसतं. हाइव्हला कोणतंही नाव द्या. बाहेरून उघडलेल्या हाइव्हमध्ये ‘करंट कंट्रोल सेट’ नसतो, ००१, ००२ असे क्रमांकाचे संच असतात. ‘सिलेक्ट’ या कळीतली ‘करंट’ ही किंमत पाहा. ती १ असेल तर ००१ मध्ये वरचे बदल करा. मग हाइव्ह ‘अनलोड’ करा.

विंडोज ८ आणि १० मध्ये ड्रायव्हरचं नाव स्टोरएएचसीआय आहे. तिथे ‘स्टार्ट’ ० असूनही मशीन अडत असेल तर त्या कळीखाली ‘स्टार्टओव्हरराइड’ नावाची उपकळ आहे का ते पाहा. तिच्यातली ३ ही किंमत ० करा. विंडोज १० मध्ये बरेचदा एवढंही लागत नाही. एकदा सेफ मोडमध्ये बूट केलं की ती योग्य ड्रायव्हर स्वतः बसवते, आणि पुढच्या वेळी नेहमीसारखी सुरू होते.

प्रश्न : मला फक्त फोटो, पत्रं आणि जुनी मेल हवी आहे. त्यासाठीही व्हर्च्युअल मशीन करावं का?

नाही. फाइल्स कॉपी करा आणि मोकळे व्हा. व्हर्च्युअल मशीन लागतं ते इतरत्र न चालणाऱ्या प्रोग्रामसाठी. कॉपी करताना फक्त डॉक्युमेंट्स फोल्डर घेऊन थांबू नका. मेल प्रोग्राम आपल्या फाइल्स ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणून वापरकर्त्याचा संपूर्ण फोल्डर घ्या. फाइल्सची नावं हिरव्या रंगात दिसत असतील तर त्या विंडोजच्या ईएफएस पद्धतीने कुलूपबंद आहेत. त्या लॅपटॉपवरच, त्याच वापरकर्त्याच्या लॉगिनमधून उघडून आधी एन्क्रिप्शन काढा. नुसती डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर त्या उघडत नाहीत.

प्रश्न : लॅपटॉप सुरूच होत नाही. डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली, तर विंडोज म्हणते की डिस्क इनिशियलाइज करा. कॉपी करायला गेलं की काही फाइल्सवर फार वेळ अडकतं.

इनिशियलाइज, फॉरमॅट, चेकडिस्क या सगळ्या सूचनांना नकार द्या. यातली प्रत्येक गोष्ट डिस्कवर काहीतरी लिहिते. डिस्क ‘इनिशियलाइज करा’ असं दिसण्यामागे डिस्कच खराब असेल असंही नाही. काही यूएसबी केस ५१२ बाइटच्या सेक्टरऐवजी (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा) ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात. मग पार्टिशन टेबलमधले आकडे चुकीच्या ठिकाणी नेतात आणि भरलेली डिस्क कोरी वाटते. साधा साटा-यूएसबी अडॅप्टर लावून किंवा डेस्कटॉपच्या साटा केबलला थेट जोडून पाहा. बरेचदा पार्टिशन लगेच दिसू लागतं.

अडकत चालणारी डिस्क मात्र खरोखर आजारी आहे. डिस्क टकटक असा लयीत आवाज करत असेल तर वीज तोडा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर ती रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या, कारण त्या अवस्थेत प्रत्येक मिनिट नुकसान वाढवतं. आवाज नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींतले मूळ आकडे शून्याहून जास्त असतील तर खराब सेक्टर आहेत आणि वेळ दवडून चालणार नाही.

अशा डिस्कसाठी साधन एकच : जीएनयू डीडीरेस्क्यू. उबंटूमध्ये त्याच्या पॅकेजचं नाव जी-डीडीरेस्क्यू आहे. साधं डीडी वापरू नका. ते खराब जागेवर थांबतं, किंवा तिथेच डोकं आपटत राहतं. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं आणि खराब जागा शेवटी ठेवतं. मरणाऱ्या डिस्ककडून जेवढं मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं तर क्रम हाच हवा.

आदेशात तीन नावं याच क्रमाने द्यायची : मूळ डिस्क, इमेज फाइल, मॅपफाइल. मूळ डिस्क कोणती, हे एलएसबीएलके या आदेशाने आकार आणि मॉडेल पाहून आधी खात्री करून घ्या. पहिल्या फेरीत एन हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडण्याचं काम टळतं. दुसऱ्या फेरीत डी हा थेट वाचनाचा पर्याय आणि आर ३ म्हणजे तीन प्रयत्न. मॅपफाइल कधीही विसरू नका. कुठला भाग वाचून झाला आणि कुठला राहिला, याची नोंद तिच्यात असते. ती असेल तर लाइट गेली, डिस्क गरम झाली म्हणून थांबवलं, तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. इमेज संपूर्ण डिस्कच्या आकाराची होते, म्हणून तेवढी जागा हवी.

वाचता न आलेल्या जागी इमेजमध्ये शून्यं राहतात. कोणत्या फाइल्सना झळ लागली हे शोधायचं असेल तर इमेजच्या प्रतीवर डीडीरेस्क्यूचा फिल मोड वापरून त्या जागांवर एखादा ओळखू येईल असा मजकूर भरा आणि मग त्या मजकुराचा फाइल्समध्ये शोध घ्या. चेकडिस्कही चालवायचं ते याच प्रतीवर.

ही रॉ (डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे असलेली) इमेज व्हर्च्युअलबॉक्सच्या फॉरमॅटमध्ये आणायला व्हीबॉक्समॅनेज या आदेशातला ‘कन्व्हर्टफ्रॉमरॉ’ हा भाग आहे. आधी रॉ फाइलचं नाव, मग नव्या व्हीडीआय फाइलचं.

प्रश्न : एक्सपीच्या जुन्या लॅपटॉपची इमेज आहे. निळा स्क्रीनसुद्धा येत नाही. काळ्या पडद्यावर ‘डिस्क रीड एरर’ एवढंच येतं आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायला सांगतं.

हा दोष नेमका ओळखता येतो. काही कंपन्यांच्या लॅपटॉपचे बायोस डिस्कची भूमिती २४० हेड अशी सांगत. व्हर्च्युअल मशीन ती २५५ सांगतं. एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्ये जुना आकडा लिहून ठेवलेला असतो, एक्सपीचा बूट कोड त्यावरून हिशेब करतो आणि डिस्कवर भलत्याच जागी पोहोचतो.

इमेजच्या प्रतीवर हेक्स एडिटरने (फाइलमधले बाइट थेट दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या प्रोग्रामने) एक्सपीच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर उघडा. हा डिस्कचा पहिला सेक्टर नव्हे, पार्टिशनचा. जुन्या डिस्कवर तो बहुधा ६३ व्या क्रमांकाला असतो. त्याच्या सुरुवातीला तिसऱ्या बाइटनंतर एनटीएफएस ही अक्षरं दिसली म्हणजे जागा बरोबर आहे. शून्यापासून मोजून २६ वा बाइट पाहा, हेक्समध्ये तो १ए. तिथे एफ० असेल तर तो एफएफ करा. एफ० म्हणजे २४०, एफएफ म्हणजे २५५. साठवा आणि बूट करा.

एक्सपी इथून पुढे गेली की आणखी दोन अडथळे येऊ शकतात. एक्सपीकडे साटाच्या एएचसीआय पद्धतीचा स्वतःचा ड्रायव्हर नाही, म्हणून डिस्क साटाऐवजी पीआयआयएक्स४ प्रकारच्या आयडीई कंट्रोलरला जोडा. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये आयओ-एपीआयसी चालू ठेवा, कारण दोन कोअरच्या लॅपटॉपवर बसवलेली एक्सपी त्याच्याशिवाय उठत नाही. दुसरा अडथळा म्हणजे ७ई क्रमांकाचा निळा स्क्रीन. त्यात इंटेलपीपीएम हे नाव दिसलं तर त्या सर्व्हिसची ‘स्टार्ट’ किंमत ४ करा, म्हणजे ती बंद होते. प्रोसेसरची वीज वाचवणं हे तिचं काम, व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याची गरज नाही.

एवढं करूनही ७बी येत राहिला तर एक्सपीत नुसती ‘स्टार्ट’ची किंमत बदलून भागत नाही. कंट्रोलरची ओळख ‘क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस’ या वेगळ्या यादीतही असावी लागते. त्या यादीशी झुंजण्यापेक्षा एक्सपीच्या सीडीवरून दुरुस्ती-इन्स्टॉल करणं सोपं. सेटअपमध्ये आधी एंटर, मग एफ८, आणि सापडलेल्या एक्सपीवर आर. पहिल्याच पडद्यावरचा आर दाबू नका, तो रिकव्हरी कन्सोलचा आहे. प्रोग्राम आणि फाइल्स राहतात, ड्रायव्हर नव्याने बसतात. सीडी त्याच आवृत्तीची आणि त्याच भाषेची हवी.

प्रश्न : डिस्क ५०० जीबीची, वापरलेली जागा ९० जीबी, पण व्हीडीआय फाइल ३८० जीबीची झाली. असं का?

रूपांतर करताना फक्त शून्यांनी भरलेली जागा गाळली जाते. पुसलेल्या फाइल्सची जागा विंडोजच्या दृष्टीने मोकळी असली तरी डिस्कवर त्यांचे जुने बाइट तसेच पडून असतात. रूपांतर करणाऱ्या साधनाला फाइल सिस्टीम कळत नाही, म्हणून तेही उचललं जातं.

व्हर्च्युअल मशीन सुरू करा आणि आत सिसइंटर्नल्सचं एसडिलीट झेड पर्यायासह सी ड्राइव्हवर चालवा. ते मोकळ्या जागेत शून्यं भरतं. मशीन पूर्ण बंद करून होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवर, व्हीबॉक्समॅनेजच्या ‘मॉडिफायमीडियम’मध्ये कॉम्पॅक्ट हा पर्याय द्या. स्नॅपशॉट असताना हे करू नका : शून्यं वेगळ्या फाइलमध्ये लिहिली जातात आणि मूळ व्हीडीआय तेवढीच राहते. आतून डिस्क ५०० जीबीचीच दिसेल, तिची चिंता नको. फाइल फक्त भरलेल्या जागेएवढीच होते. पार्टिशन आकसवायची धडपड त्यामुळे सहसा अनावश्यक असते.

प्रश्न : नव्या मशीनमध्ये विंडोज ॲक्टिव्हेशन मागते. आणि दुसऱ्या लॅपटॉपच्या इमेजला तर ४८ अंकी किल्ली हवी आहे.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या यंत्राशी बांधलेलं असतं. व्हर्च्युअल मशीन विंडोजला नवं यंत्र वाटतं आणि ते लायसन्स तिकडे नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर जुन्या यंत्रावरून काढून इथे लावता येतं. ॲक्टिव्हेशन नसलं तरी विंडोज ७ आणि १० काळा वॉलपेपर, सूचना, बंद केलेली वैयक्तिक सेटिंग्ज अशा कटकटी करत का होईना, उघडतात, म्हणजे आतला डेटा बाहेर काढता येतो. एक्सपी कडक आहे, तीन दिवसांनी लॉगिनच अडवते. रोज वापरायचं असेल तर लायसन्स रीतसर घ्या.

४८ अंकी किल्ली बिटलॉकरची. डिस्क कुलूपबंद होती आणि तिची नेहमीची किल्ली लॅपटॉपच्या टीपीएम चिपमध्ये होती. ती चिप इमेजमध्ये येत नाही. रिकव्हरी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापून ठेवलेल्या कागदावर किंवा संस्थेच्या प्रशासकाकडे असू शकते. ती मिळाली नाही तर त्या इमेजमधून काहीही निघणार नाही. लॅपटॉप अजून उघडत असेल तर बिटलॉकर बंद करा, मॅनेज-बीडीई या आदेशाने स्थिती पाहा, उलगडणं १०० टक्के होऊ द्या आणि नव्याने इमेज काढा. विंडोज १० आणि ११ च्या अनेक लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाच्या नकळत चालू असतं. म्हणून इमेज काढण्यापूर्वी हे प्रत्येकाने तपासावं.

एक सूचना इथेच. लॉगिनचा पासवर्ड विसरला म्हणून बाहेरच्या साधनाने तो पुसू नका. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि ईएफएसच्या फाइल्स त्याच पासवर्डाच्या आधाराने बांधलेल्या असतात. पासवर्ड बाहेरून बदलला की त्या कायमच्या बंद होऊ शकतात.

प्रश्न : लिनक्सचा लॅपटॉप व्हर्च्युअल मशीनमध्ये आणला. एकदा बूटच होत नव्हता, आता होतो पण नेटवर्क नाही.

लिनक्स बदलत्या हार्डवेअरला चांगलं जुळवून घेतं, तरी तीन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं यूईएफआय. बूटची नोंद लॅपटॉपच्या चिपमध्ये होती, डिस्कवर नाही. व्हर्च्युअल मशीन मग ईएफआय पार्टिशनवरच्या ‘बूट’ फोल्डरमधली ठरावीक नावाची फाइल शोधतं, आणि ती नसेल तर थांबतं. लाइव्ह आयएसओवरून ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) पुन्हा बसवा आणि ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्या, म्हणजे ती फाइल तयार होते. दुसरं इनिट-रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल. फेडोरासारख्या वितरणांत ते फक्त त्याच यंत्राचे ड्रायव्हर ठेवतं. लॅपटॉपवर असतानाच ती फाइल बनवणारं ड्रॅकट ‘नो-होस्टओन्ली’ पर्यायाने चालवा. तिसरं एफएसटॅब, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी. तिच्यात डिस्कचं नाव एसडीए असं लिहिलेलं असेल तर तिथे यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख-क्रमांक) घाला.

नेटवर्क नाही याचं कारण कार्डाचं नाव बदललं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते बहुधा ईएनपी०एस३ असतं, आणि नेटप्लॅनच्या किंवा इंटरफेसेसच्या फाइलमध्ये अजून जुनंच नाव आहे. ‘आयपी लिंक’ने नवं नाव पाहून तिथे बदला. एनव्हिडियाचे खास ड्रायव्हर असतील तर काढून टाका, नाहीतर ग्राफिकल पडदा येत नाही.

प्रश्न : जुनं एक्सपी किंवा विंडोज ७ व्हर्च्युअल मशीनमध्ये असलं की इंटरनेट वापरणं सुरक्षित आहे ना?

नाही. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी. व्हर्च्युअल मशीन होस्टला काही प्रमाणात वाचवतं, आतल्या विंडोजला नाही. शेअर्ड फोल्डरमधून होस्टवर लिहायची मुभा दिली असेल तर फाइल्स कुलूपबंद करणारं मालवेअर तिथपर्यंतही पोहोचतं. नेटवर्क बंदच ठेवा. फाइल आत न्यायची तर आयएसओ बनवून सीडी म्हणून जोडा. बाहेर आणायची तर शेअर्ड फोल्डर, पण त्यात फक्त तेवढ्यापुरत्या फाइल्स. आतल्या प्रोग्रामला घरच्या प्रिंटरपर्यंत पोहोचायला लागत असेल तर पीडीएफ करून होस्टवरून छापा.

प्रश्न : सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (ते चालायला जोडावी लागणारी किल्ली) लागतं. आणि नवा कॉम्प्युटर एम मालिकेच्या चिपचा मॅक आहे. चालेल का?

डोंगलची अडचण नाही. व्हर्च्युअल मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्याच्यासाठी फिल्टर बनवा, म्हणजे ते होस्टकडे न जाता थेट आत जोडलं जातं. समांतर पोर्टाचं जुनं डोंगल मात्र बहुतेक वेळा चालत नाही. सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख-क्रमांक, मॅक कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही) तपासत असेल तर लॅपटॉपचा पत्ता व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिहिता येतो. म्हणून लॅपटॉप बंद करण्यापूर्वी तो टिपून ठेवा.

अडचण मॅक कॉम्प्युटरची आहे. एम मालिकेची चिप एआरएम पद्धतीची, तुमची इमेज एक्स८६ ची. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ एआरएम मॅकवर चालतं, पण आत एआरएमच्याच सिस्टीम चालवतं. यूटीएम हे साधन क्यूईएमयूच्या मदतीने एक्स८६ प्रोसेसरची प्रत्येक सूचना भाषांतरित करून चालवतं. त्यात एक्सपी कामापुरती चालते, विंडोज ७ रखडते, विंडोज १० वर रोजचं काम करणं कठीण. एआरएम प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवरही हीच स्थिती. रोज वापरायचं असेल तर इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा एखादा साधा कॉम्प्युटर होस्ट म्हणून ठेवा आणि मॅकवरून त्याच्याशी रिमोट डेस्कटॉपने जोडा.